ऑटोवर टाकलेला संसार

वीजबिल कमी ठेवणारी आमच्या घरातली सर्वांत जुनी यंत्रणा म्हणजे आमची आई. तिला वाय-फाय लागत नाही, अ‍ॅप लागत नाही. माणूस खोलीतून उठला की त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडायच्या आत पंखा बंद होतो. पुष्कळदा माणूस आत असतानाच होतो. "झोपल्यावर वारा कुणाला कळतो?" हा तिचा सिद्धान्त, आणि घामाने जागा झालेला माणूस वाद घालायच्या मनःस्थितीत नसतो.

गेल्या दिवाळीला पुण्याच्या भाच्याने या यंत्रणेला पर्याय आणला. एका खोक्यात बोलका डबा, मोबाईलवर चालणारे बल्ब आणि हुशार सॉकेट. "मामा, बिल निम्म्यावर येतंय बघा." भाचा संगणकात आहे. बिल मोबाईलवरून भरायचं त्याला ठाऊक आहे. ते वाचतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मी पडलो गणिताचा मास्तर. 9 वॉटचा एलईडी बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला सव्वा-दीड युनिट खातो. युनिटला सहा रुपये धरा. झाले आठ रुपये. हुशार बल्बने त्यातली निम्मी बचत केली, तर वाचले चार. पण हा बल्ब विझल्यावरही कान टवकारून बसलेला असतो, कारण हुकूम कधी येईल याचा नेम नाही. त्या कान टवकारण्याला अर्धा वॉट, म्हणजे महिन्याला दोनेक रुपये. निव्वळ बचत रुपये दोन. साध्या बल्बपेक्षा तो पाचशे रुपयांनी महाग असेल, तर पैसे फिटायला वीस वर्षं लागतील. शिवाय चोवीस तास चालणारा वाय-फायचा डबा महिन्याला सात युनिट खातो, तो वेगळाच. हा हिशेब फळ्यावर मांडला असता तर सातवीच्या पोरांनीही बल्ब परत केला असता.

बोलक्या डब्याशी आईने हिंदीत बोलावं, असं ठरलं. आता बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडची हिंदी ही दिल्लीची नव्हे. आईने पदर सावरून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने सांगितलं, "बत्ती बुझाव ना बाबा, कायकू जलाको रख्या?" डब्याने जरा विचार केला आणि एक लग्नातलं गाणं लावलं. ते संपेपर्यंत आई उठली होती आणि बटण दाबून परत आली होती.

पण खरी गंमत पुढे आहे. आमचं धर्मापुरी परळी तालुक्यात. परळीला औष्णिक वीज केंद्र, अडीचशे मेगावॉटचे तीन संच. म्हणजे दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हाला पाठ करावी लागत नाही. एका रात्री लाईट गेली आणि दोनच्या सुमारास परत आली. या बल्बांची जन्मजात खोड अशी, की वीज परतली की ते आपोआप पेटतात. आधी बंद होते की चालू, हे विसरून जातात. घरातले सगळे दिवे एकदम लख्ख. आई दचकून उठली, "चोर आले की पाव्हणे?" शेजारचे आबा काठी घेऊन दारात. त्या रात्री किती पैसे वाचले, हे भाच्याला विचारायचं राहून गेलं.

गावाला मात्र या खोडीचं नवल वाटलं नाही, कारण गावाच्या शिवारात हेच वर्षानुवर्षं चाललेलं आहे. आमच्याकडे हुशार यंत्र घराच्या आधी मळ्यात पोचलं. मोटारीचा मोबाईल स्टार्टर! थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. पूर्वी आबा रात्री एकला बॅटरी घेऊन, पायाखालचं जनावर चुकवत विहिरीवर जायचे. आता अंथरुणातून फोन लावतात आणि मोटार सुरू होते. यात पैसे वाचतात का? 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजच मोफत आहे, तेव्हा विजेचे काय वाचणार. आबा वाचतात. मी या यंत्राच्या पूर्ण बाजूचा आहे.

माझं भांडण त्याच्या ऑटोशी आहे. ऑटोवर टाकलं की फोनही लावावा लागत नाही. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. एकट्याने हे केलं तर शहाणपण. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या भाऊबंदांनी केलं की लाईट येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. डीपी जळते. मग डीपी उतरवायला ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला डिझेल, डिझेलला वर्गणी, आणि वर्गणी न देणाऱ्याशी पोळ्यापर्यंत अबोला. तोवर ऊस वाळतो तो निराळाच. महावितरण बिचारी सांगून थकली, की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. कपॅसिटर ही साधी वस्तू. ती बोलत नाही, गाणी लावत नाही, म्हणून तिचं कौतुक नाही. करंटचा भार तेवढा कमी करते.

घरातही पैसे वाचवणाऱ्या वस्तू अशाच मुखदुर्बळ निघाल्या. जुना पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी तिसेक वॉट. उन्हाळ्यात पंधरा तास फिरला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. आणि शंभराच्या पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, म्हणून काठावरच्या घराला ही वीस युनिटं भारी पडतात. दुसरी वस्तू टाकी भरली की कोकलणारा भोंगा. 2015 साली पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र बंद पडलेलं पाहिलेल्या माणसांना ओसंडणारी टाकी बघवत नाही. भोंगा वाजला की आई गल्लीच्या टोकावरून धावत येते. भाच्याच्या खोक्यातलं हुशार सॉकेटही एका कामाला लागलं: वाय-फायचा डबा ते रात्री बंद करतं. आणि वाय-फाय बंद झालं की सकाळी त्या सॉकेटला चालू करायला माणूसच लागतो.

वेळेनुसार दर लावणाऱ्या स्मार्ट टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. गिरणी, धुण्याचं यंत्र दुपारी लावा, इतकंच. ही खबर आईला एकदाच सांगितली. आता संध्याकाळी पाचनंतर आमच्या घरात इस्त्री करून दाखवावी कुणी.

तेव्हा भाचेमंडळींना निरोप: खोकी आणू नका, पंखे आणा. आणि आमच्या डीपीवरच्या समस्त भावकीला हात जोडून विनंती, की उन्हाळी पाळी सुरू व्हायच्या आत ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. मागच्या डीपीची वर्गणी ज्यांची राहिली आहे, त्यांनी ती आबांकडे जमा करावी.