निवृत्त साहेबांसाठी लॉन-मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शन पश्चिम नागपूरच्या लेआउटांत बंगला बांधून स्थिरावलेल्या निवृत्त साहेबांसाठी आहे. फाटकावरच्या पाटीत नावाखाली 'सेवानिवृत्त' आणि त्यापुढे हुद्दा, व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या, आणि खुर्च्यांसमोर 500 चौरस फूट कोरियन कार्पेट गवताचं लॉन, अशी या वाचकाची ओळख. नोकरीत असताना सिव्हिल लाइन्सच्या बंगल्याला लॉन होतं. पाणी सरकारी, माळी सरकारी, त्यावर बसून चहा पिणं तेवढं स्वतःचं. निवृत्तीच्या दिवशी गाडी गेली, शिपाई गेला, सलाम गेला. लॉन मात्र साहेबांनी सोडलं नाही.

थोडा इतिहास सांगणे क्रमप्राप्त आहे. गवत कापायच्या यंत्राचं पेटंट 1830 मध्ये एडविन बडिंग या इंग्रजानं घेतलं. त्याच्या देशात पारा 25 वर गेला की लोक सदरे काढून उन्हात पडतात. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदले गेले. मे 2024 च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा नंतर हवामान खात्यानं केला. पण तोवर दुपारी घराबाहेर पडलेल्या एकाही नागपूरकराला तो आकडा अतिशयोक्त वाटला नव्हता.

नियम पहिला: लॉन लावण्याआधी हिशेब करावा. साहेबांना हिशेब नवा नाही. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी ओतलं की एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. 500 चौरस फूट म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. मे महिन्यात गवताला दिवसाला 6 मिलिमीटर धरले, आणि हा अंदाज कंजूष आहे, तरी रोजचे 276 लिटर होतात. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी पुरावं असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे साहेबांच्या घरी कायमचे दोन पाहुणे राहायला आले आहेत. ते काही बोलत नाहीत, भाडं देत नाहीत आणि मे महिन्यात माहेरीही जात नाहीत. त्यात व्हरांड्यातला कूलर वेगळा पाणी पितो. टाकीत पाणी कमी पडलं की काकूंचं म्हणणं कूलर चालू ठेवा, साहेबांचं म्हणणं लॉन जगवा. या वादात काकूंची बाजू बरोबर असते.

जुलै 2019 मध्ये तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि नागपूरला दिवसाआड पाणी मिळू लागलं. हे ज्यांच्या लक्षात नाही, त्यांनी पुढचे नियम वाचले नाहीत तरी चालेल.

नियम दुसरा: पाइप सकाळी अकराला धरू नये. तेव्हा जाणारे-येणारे नमस्कार करतात हे खरं, पण बरंच पाणी हवेतच उडून जातं. पहाटे द्यावं. रोज शिंतडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खाली जातात. आपल्या काळ्या मातीची गंमत अशी, की उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दिलेलं पाणी मुळांना चुकवून थेट खाली पळतं. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि पाणी वरच तुंबतं. म्हणून नर्सरीवाला गवताची गादी अंथरण्याआधी वाळू आणि शेणखताचा थर सुचवतो, साहेब घासाघीस करून तो थर अर्धा करतात, आणि पुढच्या वर्षी गादी पिवळी पडली की दोष नर्सरीवाल्याचा.

नियम तिसरा: युरिया मुठीनं फेकू नये. कापलेलं गवत तिथंच पडू द्यावं, त्यातलं नत्र फुकट परत मिळतं.

नियम चौथा, हरळीविषयी. हा नियम साहेबांना झोंबेल. कोरियन कार्पेटमधून जे गवत माळी वर्षभर खुरप्यानं उपटून फेकतो, ती हरळी म्हणजेच दूर्वा. भाद्रपद चतुर्थीच्या सकाळी हेच साहेब गोकुळपेठच्या बाजारात जाऊन एकवीस दूर्वांची जुडी विकत आणतात, कारण कोरियन गवत बाप्पाला चालत नाही. हरळीला इथला उन्हाळा ठाऊक आहे. मे महिन्यात ती वरून वाळते, साहेब घाबरून तिच्यावर पाइप सोडतात, आणि माळीभाऊ शांतपणे म्हणतो, "मेलं नाही जी साहेब, झोपलं हाये." जूनच्या दोन सरी पडल्या की जमिनीखालच्या कांड्यांतून ती पुन्हा फुटते. एवढं साधं ज्ञान असलेल्या माणसाचा पगार मात्र साहेब तीन वर्षं वाढवत नाहीत.

नियम पाचवा: गवताला पर्याय शोधावा. ऑफिस टाइम लावून पाहावं. ऊन चढलं की फुलतं, दुपार उतरली की मिटतं. नोकरीत अनेकांना जमली नाही ती वेळ हे रोप बिनतक्रार पाळतं. पाणी थोडकं लागतं, फांदी खोचली की जगतं, पण तुंबलेलं पाणी सोसत नाही, म्हणून वाफा उंच करावा. पायाखाली तुडवलेलं चालणारं काही हवं असेल तर जलपिंपळी अंथरावी. इवल्याशा फुलांवर फुलपाखरं येतात, मधमाश्याही येतात, तेव्हा नातवंडांना अनवाणी सोडू नये. कुंपणाच्या कडेला वाळा लावावा. त्याची मुळं खोल उतरतात आणि माती धरून ठेवतात. पिवळ्या फुलांचा वेडेलिया मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. तो लवकरच शेजाऱ्यांकडे पोचतो, आणि त्यानंतर शेजारी साहेबांकडे.

नियम सहावा: वैतागून अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवू नयेत. हा उपाय सध्या फार बोकाळला आहे. लॉनची कटकट नको म्हणून लोक फाटकापासून पायरीपर्यंत सगळं बंद करून टाकतात आणि मग बोअर आटल्याची तक्रार करतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे झालेल्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. एकट्या अंगणानं पूर अडत नाही हे कबूल, पण थोडं पाणी जिरवायला थोडी उघडी जमीन लागतेच. तेवढीही ठेवायची नाही म्हणजे फार झालं.

प्लास्टिकच्या हिरव्या गालिच्याबद्दल एवढंच, की तो मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या पुढे तापतो. लग्नाच्या हॉलला शोभतो, तिथंच असू द्यावा.

नियम सातवा: लॉनवर सावली येते म्हणून कडुनिंब तोडू नये. झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे साहेबांना सांगायला नको; असल्या परवानग्यांच्या फायली त्यांनीच वर्षानुवर्षं अडवल्या आहेत. निंबाखाली गवत येत नसेल तर येऊ नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारी पानं जाळण्याऐवजी तिथंच पसरावीत, खुर्ची त्या सावलीत हलवावी. नमस्कार तिथूनही दिसतो.

एवढं करूनही अंगणाचा एखादा कोपरा उघडा राहिलाच, तर त्याचं काहीही करू नये. मृगाच्या पावसानंतर तिथं आपोआप तरोटा उगवेल. काकूंना तो ओळखता येतो. कोवळी पानं फुलं येण्याआधी खुडावीत, कांदा, लसूण आणि लाल मिरचीवर परतावीत. त्या जागी तणनाशक फवारलं असेल तर मात्र तिथला तरोटा खाऊ नये, बाजारातून जुडी आणावी.