गेल्या वेळी समोर कोण होतं?

जून २०२५मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग भरली. (विरार लोकलचा विनोद इथे अपेक्षित आहे. तो ज्याने त्याने आपापल्या डब्यात करून घ्यावा.) सात-सात गडी, चार मिनिटांचे चार डाव, १६ मिनिटांत खेळ खलास. आमच्याकडे तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांचे हारसुद्धा गळ्यात पडून होत नाहीत.

पण या खेळात डोक्याचे लाड फार. पंधरा जणांच्या मोठ्या रग्बीत कुणाचं डोकं जोरात आपटलं की त्याला १२ मिनिटं बाहेर काढतात आणि डॉक्टर तोंडी परीक्षा घेतात. आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचे गुण कुणी मिळवले? गेल्या सामन्यात समोर कोण होतं? उत्तर चुकलं की त्या दिवशीचा खेळ संपला. हे शहाणपण उशिराच आलं म्हणा. इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनने २००३चा विश्वचषक जिंकला, आणि आता तो जिंकल्याचं त्यालाच आठवत नाही.

आमच्या दहीहंडीत डोकं ही मुळात पाय ठेवायची जागा. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने २०१२मध्ये ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला, त्याचा आम्हांला अभिमान आहेच. वरच्या एक्क्याला हेल्मेट आणि दोर असतो. थर कोसळतो तो ज्यांच्या डोक्यावर, त्या खालच्यांना बजरंगबली. वैद्यकीय तपासणीही चोख: भोवळ आली? पाणी मारा. उलटी झाली? उपाशी असेल, वडापाव द्या. मग ट्रकमध्ये कोंबून पुढची हंडी, घाटकोपर.

सरकार मात्र जागरूक. ऑगस्ट २०२२मध्ये, हंडीच्या आदल्या दिवशी, विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला. दरपत्रकही सोबत आलं: जीव गेला तर १० लाख, दोन डोळे किंवा दोन हात-पाय गेले तर साडेसात, एक गेला तर ५. डोकं नुसतंच फिरलं, तर त्याचा भाव काही ऐकू आला नाही. बहुधा ते दरपत्रकातल्या 'महत्त्वाच्या अवयवां'त बसलं नसावं, आणि आयोजकांकडे पाहता ते पटतंही.

उच्च न्यायालयाने २०१४मध्ये वीस फूट आणि अठरा वर्षं अशी वेस घातली होती. २०१७मध्ये उंचीची वेस उठली आणि वयाची चौदावर उतरली. ऑगस्ट २०२५मध्ये दहिसरच्या केतकीपाड्यात सरावात वरून पडून एक मुलगा गेला. तो अकरा वर्षांचा होता.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. रग्बीतली ती डॉक्टरांची परीक्षा हंडीखाली घ्यायला वेळ नसेल, तर निदान व्यासपीठावर घ्यावी. आम्ही मनातल्या मनात घेऊनही पाहिली. आपण कुठे आहोत? 'मतदारसंघात,' व्यासपीठावरचे आयोजक भाऊ तात्काळ म्हणाले. लोणी कुणी खाल्लं? भाऊ हसले. गेल्या वेळी समोर कोण होतं?

भाऊंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीने भाऊंकडे पाहिलं. तेवढ्यात कुणीतरी डीजेला खूण केली.