शिट्टी ओळखा, सुखी राहा : कॉकाटील पाळणाऱ्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन! तुमच्या घरात कॉकाटील आला आहे. (पिंजऱ्यात आपला देशी हिरवा मिठू असेल, तर पुढे वाचू नका, वनखात्याला कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळायला बंदी आहे.) खालील धडे क्रमाने गिरवावेत. पक्षी ते क्रमाने घेणार नाही, हे गृहीत धरावे.

धडा 1 : हाक

तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की दिवाणखान्यातून एक चढी शिट्टी येते. उत्तर मिळाले नाही तर दुसरी, मग तिसरी, आणि नंतर नुसता कल्ला. कॉकाटील हा ऑस्ट्रेलियाच्या मोकळ्या रानातला, थव्याने राहणारा पक्षी. नजरेआड झालेल्याला हाक मारायची आणि ओ आली की निवांत व्हायचे, ही त्याची रीत. तुम्ही फक्त गॅस बारीक करायला गेला आहात, हे त्याला कोण सांगणार?

कृती : तेवढीच छोटी शिट्टी परत द्यावी. ‘गप्प बस रे!’ असे ओरडू नये. तीही त्याच्या हिशेबी ओच असते आणि मोठ्याने मिळालेली ओ त्याला जास्त आवडते. लवकरच घरातले सगळे न्हाणीघरातूनही शिट्टीने हजेरी देऊ लागतील. प्रशिक्षण यशस्वी झाले असे समजावे. कुणाचे, ते विचारू नये.

धडा 2 : गाणे व नकला

शिट्ट्यांची हौस मुख्यतः नराला. मादी बहुधा मोजकेच बोलते. पिल्लू असताना दोघे सारखेच दिसतात, त्यामुळे दुकानदाराचे ‘शंभर टक्के बोलणार’ हे वाक्य भविष्यकथन म्हणून ऐकावे. पक्ष्याला आपल्यासारखी कंठातली स्वरयंत्रणा नसते. श्वासनलिका खाली जिथे दुभंगते तिथे त्याचा आवाज तयार होतो.

तुम्ही मन लावून भूप शिकवाल, तो मायक्रोवेव्हची पीं-पीं उचलेल. त्याचेही बरोबरच आहे : भूप ऐकून घरात कुणी उठत नाही, पीं-पीं ऐकून सगळे धावतात.

कृती : रोज थोडा वेळ एकच धून शिकवावी. अमेरिकेतल्या पक नावाच्या बजरीगरचा 1,728 शब्दांचा विक्रम 1995 च्या गिनेस बुकात नोंदला गेला आहे. तो आकडा पक्ष्यासमोर उच्चारू नये. तुलनेने मुले बिघडतात.

धडा 3 : फुत्कार

इथे कानापेक्षा डोळे वापरावेत. तुरा ताठ उभा : दचकलाय किंवा काहीतरी नवे दिसले आहे. तुरा डोक्याला चापून बसवलेला, अंग पुढे झुकलेले, चोच उघडी आणि ‘हिस्स’ : बोट मागे घ्या. ‘किती गोऽड!’ म्हणत पिंजऱ्यात हात घालणाऱ्या मावशींना ही पायरी आधीच समजावून सांगावी. नंतर समजावायची गरज उरत नाही.

धडा 4 : करकर

दिवेलागणीनंतर एक पाय पोटाशी, पिसे सैल, डोळे अर्धे मिटलेले आणि चोचीतून बारीक कर्र-कर्र. नवखे मालक या टप्प्यावर कॅल्शियमच्या बाटल्या आणतात. तो फक्त खालची चोच वरच्या चोचीवर घासत झोपेच्या तयारीला लागलेला असतो. म्हणजे मजेत आहे.

कृती : दिवा मालवावा. मालिकेतल्या सासूबाईंचा आवाज कमी करावा.

धडा 5 : काहीच आवाज नाही

हा धडा थट्टेवारी नेऊ नये. आजार लपवण्यात पक्षी पटाईत असतात. एरवी बडबडणारा पक्षी दिवसाढवळ्या पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वासागणिक शेपटी वरखाली होऊ लागली किंवा श्वासाबरोबर टिक-टिक ऐकू आली, तर त्याच दिवशी पक्ष्यांचे डॉक्टर गाठावेत. ‘आज शहाण्यासारखा बसलाय’ असे कौतुक करत बसू नये.

स्वाध्याय

1. मायक्रोवेव्ह बंद आहे, तरी पीं-पीं झाली. कोण उठेल? का? (2 गुण)

2. तुरा चापलेला आहे आणि मावशी हसत पुढे येत आहेत. आधी कुणाला थांबवाल? (3 गुण)

3. सोसायटीच्या सभेत तुमच्या घरातल्या शिट्ट्यांची तक्रार आली आहे. त्या वेळी पक्षी झोपला होता, हे शेजाऱ्यांनाही मान्य आहे. खुलासा करा. (5 गुण)