दुर्बिणीचे अंदाजपत्रक

स्कॉटलंडच्या उत्तरेस, झाड औषधालाही सापडू नये अशा, हेदर नावाच्या खुरट्या झुडपांच्या उतारांवर दबकत, सरपटत तांबड्या हरणांची शिकार करण्याचा जो खानदानी शौक आहे, त्याच्या उपासकांत एक वर्ग असा आढळतो की, ज्याची प्रत्यक्ष शिकार वर्षाकाठी चार दिवसांची, परंतु तीस लागणाऱ्या दुर्बिणीवर किती खर्च करावा याचा खल मात्र बारमाही. हे गृहस्थ बहुधा पन्नाशी उलटलेले, एडिंबरातील एखाद्या कचेरीत बऱ्या हुद्द्यावर असलेले आणि एरवी व्यवहारदक्ष म्हणून नावाजलेले असतात. बंदूक त्यांनी एका दुपारी घेतली. राहते घर दोन भेटींत घेतले. दुर्बिणीचे प्रकरण मात्र तहकुबीवर तहकुबी घेत त्यांच्या मनाच्या दप्तरात पडून आहे.

आरंभ शहाणपणानेच होतो. सुमारे २०० पौंडांत बरी दुर्बीण मिळते. तेवढीच तरतूद असते, आणि तीस पत्नीची मंजुरीही असते. पुढे कोणी अनुभवी इसम सांगतो की, ५०० पौंड मोजले तर कडेपर्यंत स्वच्छ दिसते. आणि ५०० पर्यंत जायचेच, तर ऑस्ट्रियातील स्वारोव्स्की किंवा जर्मनीतील झाइस यांचा २,००० च्या पुढचा माल नुसता डोळ्यांस लावून पाहण्यास हरकत काय? हरकत एवढीच की, तो एकदा डोळ्यांस लावला म्हणजे बाकीच्या दुर्बिणींतून ताकातून पाहिल्यासारखे दिसू लागते. मग भागाकार सुरू होतो. २,००० पौंड, टिकणार २० वर्षे; दिवसाला जेमतेम २७ पेन्स, म्हणजे फुकटच! शिकारीच्या दिवसांनी भागले तर दिवसाला २५ पौंड पडतात, परंतु हा दुसरा भागाकार कचेरीतला हा निष्णात हिशेबनीस कधीही मांडीत नाही.

खरा पेच संधिप्रकाशाचा आहे. हरणे बाहेर पडतात ती तिन्हीसांजेस, आणि सूर्यास्तानंतर तास उलटला की तेथील कायद्याने रात्र सुरू होऊन, खास परवान्यावाचून गोळी झाडणे गुन्हा ठरते. तेव्हा भारी भिंगाची सारी किंमत या एका तासात वसूल व्हायची. आठपट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीचे पुढचे भिंग ५६ मिलिमीटरचे असेल, तर डोळ्यापाशी ७ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो. ४२ चे असेल, तर सव्वापाचाचा. अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडणारी बाहुली तरुणपणी असते. पन्नाशीनंतर ती बहुधा पाचाच्या आसपास थबकते. म्हणजे ज्या वयात ५६ च्या भिंगाचा उपयोग होता त्या वयात खिसा उघडत नव्हता, आणि आता खिसा उघडतो तर बाहुली उघडत नाही! ही गोष्ट कळल्यापासून आमचे गृहस्थ रात्री न्हाणीघरात दिवा मालवून, डोळ्याखाली पट्टी धरून आरशासमोर उभे असतात. दिवा लावावा तर बाहुली आकसते. न लावावा तर पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत. बाहेरून पत्नी विचारते, “अहो, आत करताय तरी काय?” त्यावर दिलेल्या उत्तराने त्यांच्या व्यवहारदक्षतेस काही बळकटी येत नाही.

डोंगरावर त्यांना नेणारा वाटाड्या शिकारी या विद्वत्तेस मान देतो, पण तिच्या आधारे चालत नाही. लोलकांवरील लेपांचे निरूपण शांतपणे ऐकून घेऊन तो एवढेच विचारतो, “साहेब, वारा कुठून येतोय?” साहेबांना ते ठाऊक नसते, मैलावरच्या मादीला मात्र साहेबांचा वास लागलेला असतो.

वाचकांपैकी कोणी या फंदात पडणार असेलच, तर त्याने दुर्बीण भर दुपारी दिव्यांच्या झगझगाटात न पाहता दिवेलागणीस दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहावी. वय पन्नाशीपलीकडचे असल्यास किलोभर ओझे गळ्यात न बांधता ४२ चे, मधल्या किमतीचे भिंग घ्यावे. आणि उरलेल्या रकमेत पाणी आत न शिरणारी एक भक्कम विजार शिवून घ्यावी, कारण त्या डोंगरांवर शिकाऱ्याचा बराचसा काळ ओल्या हेदरमध्ये पालथे पडण्यात जातो.