नो ड्यूज

मेकॅनिकल का घेतलंस, याचं माझ्याकडे एकच खरं उत्तर आहे : सायबर कॅफेवाल्याला दुकान बंद करायचं होतं. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या फॉर्मची शेवटची रात्र. त्यानं अर्धं शटर ओढत विचारलं, "मेकॅनिकल टाकू?" चहात साखर टाकू का विचारल्यासारखं. मी म्हटलं, "टाका."

मग वर्कशॉप. एक लोखंडी तुकडा दुसऱ्यात असा बसवायचा की फटीतून उजेड दिसता कामा नये. तीन आठवडे मी कानस चालवली. सरांनी जॉब ट्यूबलाइटसमोर धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "यातून एस्टी जाईल."

ड्रॉइंगमध्ये तर माझी निष्ठाच आडवी आली. काचेखाली बल्ब लावून मित्राची शीट आपल्या कागदावर उतरवायची, याला आमच्याकडे जीटी मारणं म्हणतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. रात्री अडीच वाजता मी रेघन्‌रेघ गिरवली. कोपऱ्यातलं मित्राचं नाव आणि रोल नंबरसुद्धा. तपासताना सरांनी शीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तू कोण?"

प्रश्न शीटपुरताच होता, पण मला लागला. त्याच संध्याकाळी ठरवलं : सोडायचं. मराठी घेऊन बीए करायचं.

बाबांना सांगायला आठ दिवस लागले. त्यांनी तोंडासमोरचा पेपरही हलवला नाही. "श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. आधी डिग्री घे, मग काय नाटकं करायचीत ती कर." मी नाटकाचं नावही काढलं नव्हतं. तरी हिशेब केला. लागू पूर्ण वेळ नट झाले १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर. मी १८चा. म्हणजे अजून बावीस-तेवीस वर्षं कानस.

गुपचूप एका आर्ट्‌स कॉलेजात गेलो. क्लार्क म्हणाले, "टीसी आणा." आमच्या ऑफिसात टीसी मागितला. "नो ड्यूज आणा." नो ड्यूजच्या फॉर्मवर सह्या हव्यात : लायब्ररी, लॅब आणि वर्कशॉप. वर्कशॉपचे सर म्हणाले, "जॉब अपुरा आहे तुझा. तो पुरा कर, मग सही."

म्हणजे मेकॅनिकल सोडायला आधी मेकॅनिकल यायला हवं!

मग मात्र मी जी कानस चालवली! दर दोन मिनिटांनी गुण्या लावून बघायचो. तळहाताला फोड आले. जेवणाची सुट्टी घेतली नाही. पळून जाण्यासाठी माणूस किती मन लावून काम करतो, ते तेव्हा कळलं. सरांनी जॉब पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरला. "हं. आता फक्त रिक्षा जाईल." आणि सही केली.

राहिली लायब्ररी. माझ्या नावावरचं एन. डी. भटांचं ड्रॉइंगचं पुस्तक मित्राकडे होतं, आणि मित्र गावी. तो परतेपर्यंत बीएचे प्रवेश संपले आणि आमची परीक्षा आली. नाहीतरी जायचंच आहे म्हणून निर्धास्त बसलो. गणितात केटी लागली. पण ड्रॉइंगमध्ये चक्क पास! मला धड नापासही होता आलं नाही. बाबांनी अर्धा किलो पेढे आणले.

तो फिटिंगचा जॉब आता आमच्या टीव्हीवरच्या फळीवर असतो. गणपतीत पाहुणे आले की बाबा तो त्यांच्या हातात देतात. "पोरानं स्वतः केलाय." पाहुणे तो उजेडासमोर धरू लागले, की मी चहा बघायला आत जातो.