बासष्ट मोती

आपली महानगरपालिका किती काटेकोर असू शकते हे पाहायचं असेल, तर जन्माष्टमीला ग्वाल्हेरला या. पडाव चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर फुलबागेत गोपाळ मंदिर आहे. माधवराव शिंद्यांनी ते १९२१ साली बांधलं. संस्थान विलीन झालं, मंदिराचा कारभार निगमकडे, म्हणजे महानगरपालिकेकडे आला आणि देवाचे दागिने कित्येक वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये पडून राहिले. २००७ पासून ते वर्षातून एक दिवस बाहेर निघतात. पुढे पोलिसांची गाडी, मागे पोलिसांची गाडी, मध्ये पेटी. मंदिरात निगमचे अधिकारी यादी घेऊन बसतात, एकेक नग मोजतात, स्वच्छ करतात आणि मग राधाकृष्णाला चढवतात. सातपदरी हारात ६२ मोती आणि ५५ पाचू आहेत. हे आकडे इथली वर्तमानपत्रं दर वर्षी न चुकता छापतात आणि आम्ही ते दर वर्षी पहिल्यांदा वाचल्यासारखे एकमेकांना सांगतो. रात्री जन्म झाला की पुन्हा मोजदाद, पुन्हा बंदोबस्त, पेटी परत. एक मोती कमी भरला असं आजवर तरी कानावर आलेलं नाही.

दर्शन घेऊन पडाव चौकाकडे परतताना माझ्या मनात दर वर्षी एक पापी विचार येतो. गटाराच्या झाकणांना थोडं सोनं लावलं तर?

म्हणजे झाकणांचीही यादी होईल. महापौर हजर, आयुक्त हजर, नग मोजून सही. आज तसं नाही. चेंबरचं झाकण गेलं की त्याची नोंद सगळ्यात आधी घेतो तो रस्त्यावरचा अनोळखी माणूस. तो कडुनिंबाची एक फांदी तोडून आणतो, भोकात रोवतो आणि निघून जातो. या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्याचं काम रोज पाहतो. फांदी ताजी असेल तर झाकण काल गेलं, पानं वाळली असतील तर आठवडा झाला, आणि फांदीला लाल फडकं बांधलेलं असेल तर समजावं की मधल्या काळात कुणीतरी त्यात पडलं. इतका स्पष्ट अहवाल कुठल्याही अभियंत्याने लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

मुळात पडावावर कुणाचं लक्ष कुठे असावं, हेच एक कोडं आहे. रेल्वे रुळांवरून पूल जातो, जवळच पोलीस थाना आहे, पलीकडे स्टेशन, अलीकडे राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि तिच्या कडेने स्वर्णरेखा, जिला नदी म्हणायचं की नाला हे वक्त्याच्या पक्षावर अवलंबून असतं. रूळ रेल्वेचे, शिट्टी पोलिसांची, दिवा आणि कचरा निगमचा. ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली आणि नगरांकडे सोपवायची १८ कामं त्यात मोजून दिली. रस्ते, पूल, पाणी, अग्निशमन, दिवाबत्ती, स्मशान, अगदी कोंडवाडाही. पोलीस मात्र नाहीत. तेव्हा चौकात गाय आडवी बसली तर तिच्यामुळे झालेली कोंडी थान्याची, पण गाय निगमची. गायीला हा भेद समजावून सांगणारं कुणी भेटलेलं नाही.

देखरेख करणारे मात्र कमी नाहीत. ६६ वॉर्ड, ६६ पार्षद (पुण्या-मुंबईकडे त्यांना नगरसेवक म्हणतात), शिवाय लोकांनी थेट निवडलेला महापौर आणि भोपाळहून आलेले आयुक्त. एकेकाळी नारायण कृष्ण शेजवलकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विवेक, असे दोघे इथे महापौर झाले, तेव्हा आम्हा मराठी मंडळींना निदान शिव्या तरी मराठीत घालायची सोय होती. २०२२ साली मतदारांनी कमालच केली. ५७ वर्षांनी महापौर काँग्रेसचा निवडला आणि परिषदेत जास्त पार्षद भाजपचे पाठवले. आता जलविहारातल्या सभागृहात दोन्ही बाजू एकमेकांवर इतकी बारीक नजर ठेवतात की खाली रस्त्याकडे पाहायला फारशी नजर उरत नसावी.

रस्त्यानेही मग २०२५च्या पावसाळ्यात आपल्याकडे लक्ष वेधून घेतलं. चेतकपुरीचा नवाकोरा रस्ता एका पावसात खचला, बुजवला, पुन्हा खचला. एका जागी तर भुयाराचं तोंडच उघडलं आणि देशभरच्या मोबाइलवर ग्वाल्हेर झळकलं. माझ्या पुण्याच्या आत्येभावाचा फोन आला, ‘काय रे, किल्ल्याचा गुप्त मार्ग सापडला म्हणे?’ मी त्याला म्हटलं, हसू नकोस, तुमच्या खडकवासल्याला १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी जे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तसेच पुढे आमच्या तिघरा धरणाला आले. पाणी अडवण्यात आपण भाऊभाऊ आहोत. तो पुढे बरंच हसला, पण मी थांबलो. कारण तिघरा म्हटलं की १९१७ आठवतं. १९१६ साली धरण पुरं झालं आणि पुढच्याच वर्षी ४ ऑगस्टला फुटलं. वाळूच्या खडकाच्या पायात पाणी मुरत गेलं होतं. खालच्या गावांतली हजारभर माणसं गेली असं सांगतात. दरवाज्यांवर सगळ्यांचं लक्ष होतं. पायाखाली कुणी वाकून पाहिलं नाही. आज अख्खं शहर त्याच जागी नव्याने उभारलेल्या धरणाचं पाणी पितं, आणि नळाला एक दिवस पाणी आलं नाही की तेवढ्यापुरतं आम्हाला तिघरा आठवतं.

असो. निगमच्या एका सेवेवर मात्र मी स्वतः, अंथरुणातून न उठता देखरेख करतो. कचऱ्याची गाडी. तिच्यावरचं गाणं मंडल्याच्या श्याम बैरागी नावाच्या शिक्षकाने केलं आणि देशभर गेलं. ज्या गावात कृष्णराव शंकर पंडितांनी आयुष्यभर ख्याल गायला आणि ज्याला २०२३ साली युनेस्कोने संगीताचं शहर ठरवलं, तिथे रोज सकाळी हाच एक राग चालतो. सूर लांबून आला की गाडी आमच्याकडे येते आहे, सूर खालावला की आपण चुकलो. पंडितजींच्या घराण्यात समेवर येण्याचं महत्त्व फार. आमच्या घरात ती सम डबा घेऊन फाटकापर्यंत पोचण्याची असते, आणि ती साधण्याचं काम माझं नाही, हे माझं भाग्य.

आणि या सगळ्याच्या वर १८१ आहे. मुख्यमंत्र्यांची हेल्पलाइन, २०१४ पासूनची. महाराष्ट्रातल्या वाचकांना तिची गंमत ठाऊक नसेल. तक्रार नोंदवली की ती आधी एल-वन अधिकाऱ्याकडे जाते. ठरल्या दिवसांत निपटली नाही की आपोआप एल-टू, मग थ्री, मग थेट फोर. तक्रार बंद करायची तर तक्रारदाराने ‘मी संतुष्ट आहे’ असं म्हणावं लागतं. बैठकीत साहेब विचारतात, किती जण संतुष्ट झाले? त्यामुळे काही ठिकाणी खड्ड्यापेक्षा तक्रारदाराचीच डागडुजी आधी सुरू होते.

आमच्या गल्लीतला दिवा बंद होता. खातं कोणतं ते सांगत नाही. उगाच एखाद्याची बदली व्हायची. मी तक्रार केली. तिसऱ्या पायरीवर पोचल्यावर एक तरुण कर्मचारी घरी आला. दिव्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, ‘अंकल, आप संतुष्ट हो जाइए ना.’ मी म्हटलं, बाळा, दिवा लागू दे, मी लगेच होतो. तो म्हणाला, दिवा लागेल, पण आज चार वाजता मीटिंग आहे. हिने त्याला चहा दिला, वर बेसनाचा लाडू दिला, आणि स्वयंपाकघरातून मला मराठीत बजावलं, ‘अहो, होऊन टाका एकदाचे संतुष्ट. आईने घरून डबा देऊन पाठवलेलं पोर आहे.’ फोन आला, मी हो म्हटलं. पोराने पाया पडून निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी खरोखरच दिवा लागला. तेव्हापासून तो अखंड जळतो आहे, भर दुपारीही. हिचं म्हणणं, कळवायला हवं, वीज फुकट जाते. पण त्याच दिव्याबद्दल सरकार दरबारी मी लेखी समाधानी आहे, तेव्हा ही दुसरी तक्रार तिनेच तिच्या मोबाइलवरून करावी असं मी सुचवलं आहे. लाडू मी वळेन.