एका रात्रीचे सौजन्य
१९२८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले अल स्मिथ हे कॅथलिक असल्याकारणाने, नव्या हॉलंड बोगद्यापाशी काढलेले त्यांचे छायाचित्र दाखवून, हा बोगदा अटलांटिकखालून थेट पोपच्या वाड्यात निघणार अशी आवई ज्या धर्मनिष्ठांनी उठविली, त्यांनी शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ताज्ञा बहुधा मतमोजणीपर्यंत तहकूब ठेवली असावी. (स्थापत्यशास्त्रावरील त्यांची श्रद्धा मात्र अगाध!) आता त्याच स्मिथांच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कात दर ऑक्टोबरात धर्मादाय मेजवानी झडते, निवडणुकीच्या वर्षी बहुधा दोन्ही उमेदवार पांढरा बो लावून, तिथल्या आर्चबिशपसाहेबांच्या डाव्या-उजव्या हाताला बसून परस्परांची माफक थट्टा करतात, आणि सौजन्याच्या या परवान्याची मुदत संपताच उभयतांच्या कचेऱ्यांतून बदनामीचे कामकाज मागील पानावरून पुढे बिनदिक्कत सुरू होते.